नेट आकाशातून, पण डिश कुणाच्या छपरावर?

८ डिसेंबरला स्टारलिंकच्या भारतातल्या वेबसाइटवर एक आकडा झळकला. महिन्याला ८,६०० रुपये, वर डिश आणि राउटरच्या किटचे ३४,००० रुपये. बघता बघता स्क्रीनशॉट सगळीकडे पोचले. पुढचे जोक तुम्ही स्वतःच फॉरवर्ड केले असतील. मग कंपनीनं खुलासा केला की तो चाचणीसाठी टाकलेला डमी डेटा होता, तांत्रिक गडबडीमुळे दिसला, भारतातले दर अजून ठरलेलेच नाहीत. विषय संपला.

माझ्या मते विषय तिथं सुरू होतो.

कारण हा आकडा आपण पहिल्यांदा पाहत नाही. २०२१ मध्ये याच कंपनीचे तेव्हाचे भारतातले प्रमुख संजय भार्गव यांनी जो हिशेब मांडला होता, तो किटचे ३७,४०० आणि महिन्याचे ७,४२५ रुपये असा होता. करबिर धरून पहिल्या वर्षाला साधारण १ लाख ५८ हजार. तो अमेरिकेतल्या ४९९ आणि ९९ डॉलरचा सरळ रुपयांत केलेला गुणाकार होता. आता या डिसेंबरच्या डमी आकड्याचं गणित करा. ३४,००० अधिक बारा महिन्यांचे १,०३,२००, म्हणजे पहिल्या वर्षाला १ लाख ३७ हजार २००. डमी असेल, पण अगदीच हवेतला नाही.

यावर बहुतेकांची प्रतिक्रिया एकच होती : ‘३९९ पासून फायबर मिळतं, तर हे कोण घेणार?’ पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात बसून हा प्रश्न बरोबर आहे. पण ज्याच्या दारात फायबर आहे, त्याच्यासाठी ही सेवा मुळात नाहीच. त्यानं ती महाग ठरवणं म्हणजे मेट्रोच्या स्टेशनवर उभं राहून होडीचं भाडं जास्त आहे म्हणण्यासारखं झालं. प्रश्न ज्याला होडीशिवाय पर्याय नाही त्याचा आहे. आणि त्याच्यासाठी एक डिश किती रुपयांची, यापेक्षा ती कुणाच्या छपरावर बसते आणि तिच्यावर किती जण नेट वापरतात, हे महत्त्वाचं आहे.

आधी हा दर ठरतो कसा ते बघू. इथं सगळी गंमत आहे.

जुने दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून जवळपास ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी टांगल्यासारखे असतात. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच इतका वेळ जातो की व्हिडिओ कॉलवर तुम्ही ‘हॅलो’ म्हणता आणि समोरचा दुसऱ्याच विषयावर पोचलेला असतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. त्यामुळे तो उशीर जाणवत नाही. पण जवळ असल्यामुळे ते एका जागी थांबू शकत नाहीत. दीड तासात पृथ्वीला एक चक्कर मारतात, म्हणून हजारो लागतात. शिवाय एकेकाचं आयुष्य जेमतेम पाच वर्षांचं. म्हणजे कंपनीला सतत नवे सोडत राहावे लागतात, गिऱ्हाईक असो वा नसो.

आता एसटीची मुक्कामी गाडी डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी तालुक्यावरून निघते, शेवटच्या गावाला जाऊन थांबते. गाडीत पन्नास माणसं असोत की पाच, डिझेल तेवढंच जळतं. रिकामी गेलेली सीट उद्यासाठी जपून ठेवता येत नाही. उपग्रहाचं तसंच आहे. पृथ्वीचा जवळपास ७१ टक्के भाग समुद्र, उरलेल्यात वाळवंटं, जंगलं, बर्फ. म्हणजे प्रत्येक उपग्रह आयुष्याचा बराचसा वेळ रिकाम्या गाडीसारखा फिरतो. उलट शहरावर आला की गाडी खच्चून भरते. कारण जमिनीवरच्या साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या एका तुकड्याला एका वेळी ठरावीकच क्षमता देता येते. त्या तुकड्यात शंभर डिश असोत की पाच हजार, वाटायला तेवढंच.

म्हणून या धंद्यातला दर फक्त खर्चावर ठरत नाही, गर्दीवर ठरतो. अमेरिकेत २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीनं हे उघडच केलं. जिथं गर्दी आहे तिथं महिन्याला १२० डॉलर, जिथं क्षमता पडून आहे तिथं ९०. उपग्रह तेच, डिश तीच, दर मात्र पिनकोडप्रमाणे.

केनियाचं उदाहरण तर आपण पाठच करायला हवं. तिथं स्टारलिंक २०२३ मध्ये आलं. किट आपल्यासारखंच लोकांच्या आवाक्याबाहेर. मग २०२४ मध्ये कंपनीनं दोन गोष्टी केल्या. किट विकत घ्यायची सक्ती काढून महिना १,९५० शिलिंग भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि ५० जीबीचा प्लॅन १,३०० शिलिंगला आणला. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं जेमतेम दहा डॉलर. तिथली सगळ्यात मोठी दूरसंचार कंपनी सफारीकॉम इतकी दचकली की उपग्रह कंपन्यांना स्थानिक कंपन्यांशी भागीदारी करायला लावा, अशी मागणी घेऊन नियामकाकडे गेली. आणि मग काय झालं? नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबी आणि आसपासच्या भागात नवी जोडणी देणंच बंद करावं लागलं. ‘सोल्ड आउट’. ज्या सेवेची जाहिरात दूरदूरच्या खेड्यांसाठी म्हणून होते, तिचं पहिलं हाउसफुल्ल राजधानीत झालं! झिंबाब्वेच्या हरारेत आणि नायजेरियाच्या लागोसमध्येही हेच घडलं.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. नव्या वस्तूचा पहिला गिऱ्हाईक बहुतेक वेळा सर्वांत गरजू माणूस नसतो. तो हातात पैसे असलेला, थोडा हौशी आणि असलेल्या सेवेवर वैतागलेला माणूस असतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत स्टारलिंकनं चाचणी सुरू केली तेव्हा तिचं नावच होतं ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’ अशा अर्थाचं. ९९ डॉलर महिना, ४९९ डॉलर किट आणि वर ‘अधूनमधून नेट जाईल’ अशी कबुली. तरी फेब्रुवारी २०२१ पर्यंत दहा हजारांवर लोक ते वापरत होते, आणि त्याच वर्षी मेमध्ये नोंदणी पाच लाखांवर गेली. ती डिश बनवायला तेव्हा कंपनीलाच ४९९ डॉलरच्या कितीतरी पट खर्च येत होता. सुरुवातीला तो तीन हजार डॉलर होता, २०२१ च्या एप्रिलपर्यंत निम्म्यावर आला होता, असं कंपनीच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनीच सांगितलं. म्हणजे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे पदरचे हजारभर डॉलर घालून कंपनी मागणी उभी करत होती. २०२५ च्या अखेरीस तिचे ८० लाखांच्या वर ग्राहक होते.

त्या नोंदणीत भारतातलेही पाच हजारांवर लोक होते, हे आता कुणाला आठवत नाही. ९९ डॉलर, म्हणजे सात हजारांच्या वर रुपये, आगाऊ भरून. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं जाहीर केलं की या कंपनीकडे परवाना नाही, लोकांनी पैसे भरू नयेत. कंपनीला पैसे परत करावे लागले, भार्गव पदावरून गेले. त्यांनी लक्ष्य ठेवलं होतं डिसेंबर २०२२ पर्यंत दोन लाख डिशचं, त्यातल्या ८० टक्के ग्रामीण जिल्ह्यांत. मागणी होती, दर होता, परवाना तेवढा नव्हता. तो यायला जून २०२५ उजाडला.

आणि उपग्रहांच्या धंद्यात फक्त मागणीचे अंदाज बांधून भागत नाही, हे पुण्याजवळच्या दिघीइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक नसेल. इरिडियम नावाच्या कंपनीचं भारतातलं भूस्थानक तिथं होतं. पाच अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रह सोडले, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू केली, फोन तीन हजार डॉलरचा आणि बोलायला मिनिटाला काही डॉलर. तोवर शहरोशहरी साधे मोबाइल आले होते. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना गरज नव्हती आणि ज्यांना गरज होती त्यांच्याकडे पैसे नव्हते. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत, पुढे सगळं जाळं अडीच कोटी डॉलरला विकलं गेलं. तंत्रज्ञान उत्तम चालत होतं. गिऱ्हाईक चुकलं होतं.

आता आपल्याकडे या.

भारतात किती जोडण्या मिळतील यालाच मर्यादा आहे. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी जुलैमध्ये सांगितलं की स्टारलिंकला भारतात फार तर २० लाख ग्राहक घेता येतील, आणि महिन्याचा खर्च तीनेक हजार रुपये असेल. शेजारच्या भूतानमध्ये साधा प्लॅन ३,००० आणि मोठा ४,२०० न्गुलत्रुमला आहे, आणि तिथलं चलन रुपयाला बांधलेलं आहे. बांगलादेशात ४,२०० आणि ६,००० टका, किटचे ४७,००० वेगळे. म्हणजे आपल्याकडचा आकडा तीन हजार ते साडेआठ हजार यांच्यामध्ये कुठेतरी पडेल असं धरून चालू.

या दराला वीस लाखांच्या रांगेत आधी कोण उभं राहील? लोणावळ्याचे बंगले, कोकणातली रिसॉर्ट, खाणी, आडरानातले प्रकल्प, बोटी, बँकांच्या दूरच्या शाखा. यात गैर काही नाही, तेही गिऱ्हाईकच. ट्रायनं मे महिन्यात शिफारस करताना शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकारणी सुचवली, ग्रामीणला नाही. हेतू चांगला. पण जो वर्षाला लाख रुपये भरणार आहे त्याला पाचशेचं काय? आणि जो तीन हजारही भरू शकत नाही, त्याचा दर या पाचशेनं कमी होत नाही.

भामरागडच्या एखाद्या पाड्यावर किंवा धडगावच्या डोंगरात कुठलंही एक घर महिन्याला तीन हजार रुपये नेटवर घालणार नाही. हे मान्य करायला कुणी कचरू नये. ‘घराघरात सॅटेलाइट इंटरनेट’ ही घोषणा तिथं खोटी आहे. पण तिथं आश्रमशाळा आहे, आरोग्य केंद्र आहे, ग्रामपंचायत आहे, मुलींचं वसतिगृह आहे. आता तोच महागडा डमी आकडा घ्या. २०० मुलांच्या आश्रमशाळेत ८,६०० रुपये म्हणजे डोक्यामागे महिना ४३ रुपये. दर तीन हजारांवर आला तर १५. दोनशे जण एकदम रील्स बघायला लागले तर पुरणार नाही, हे उघड आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचा फॉर्म, निकाल, एकदा उतरवून सगळ्यांना दाखवायचे व्हिडिओ, डॉक्टरांचा सल्ला, यासाठी ते नेट भरपूर आहे. कॅप राउंडची शेवटची तारीख आणि त्याच दिवशी डोंगर चढून ‘दोन काड्या’ शोधणं म्हणजे काय असतं, हे तुमच्या वर्गातल्या नंदुरबार-गडचिरोलीच्या मित्राला विचारा. शहरातल्या पोराचं नेट गेलं तर मॅच चुकते. त्याचं गेलं तर वर्ष जातं.

नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. सरकारी संस्था आणि दुर्गम भाग जोडायचे, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांवर भर. बातमी चांगलीच आहे. पण तिच्याभोवतीचा सूर मला खटकला. एवढी मोठी कंपनी आपल्या आदिवासी भागात येतेय म्हणजे जणू उपकारच!

मुक्कामी गाडी आठवा. गडचिरोलीवरून जाणारा उपग्रह रिकामाच जातोय. तिथं प्रत्येक नवं गिऱ्हाईक म्हणजे कंपनीला जवळपास निव्वळ मिळकत. दरात घासाघीस करायची सर्वांत जास्त ताकद जिथं आहे, ती जागा नरिमन पॉइंट नाही, भामरागड आहे. आणि शेकडो डिश एकदम घेणारं सरकार हे किरकोळ नाही, ठोक गिऱ्हाईक आहे. केनियातल्या माणसाला दहा डॉलरला मिळालं ते कंपनीच्या दयेनं नाही, गिऱ्हाईक हवं होतं म्हणून. आपलं सरकार मात्र हात जोडून उभं राहिलं, तर बिल छापील दरानंच येईल. संस्थांसाठीचे प्लॅन घरगुतीपेक्षा महाग असतात, हेही लक्षात ठेवा. तेव्हा प्रति डिश काय दर ठरला, किट विकत की भाड्यानं, पाच वर्षांनी काय, हे लोकांना कळलं पाहिजे.

अमेरिकेनं हा प्रश्न विचारला होता. ग्रामीण इंटरनेटसाठी सरकारी अनुदानाच्या लिलावात स्पेसएक्सला डिसेंबर २०२० मध्ये ८८ कोटी ५५ लाख डॉलर मंजूर होण्याच्या बेतात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं ते नाकारले. ठरलेला वेग मिळेल की नाही ही शंका होतीच, पण अनुदान घेऊन वर ग्राहकाला ६०० डॉलरची डिश विकत घ्यायला लावायची, यावरही आयोगानं बोट ठेवलं. कंपनी त्यांच्याच देशातली, तरीही.

पैसा कुठून आणायचा, हे विचारायची सोय नाही. तुमच्या-माझ्या रिचार्जमधून दूरसंचार कंपन्यांना जो महसूल मिळतो, त्याचा पाच टक्के हिस्सा नेमक्या याच कामासाठी वेगळा काढला जातो. पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी म्हणतात.

‘त्यापेक्षा बीएसएनएलचा टॉवर उभा करा, फायबर न्या’ असं कुणी म्हणेल. जिथं जातं तिथं न्यावंच, ते स्वस्त आणि टिकाऊ. वाशीम आणि धाराशिव सपाटीवरचे जिल्हे आहेत, तिथल्या बहुतेक गावांना फायबर हेच उत्तर आहे. हे चार जिल्हे एकत्र आले ते नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ते एकत्र होते म्हणून. यादी कॉपी-पेस्ट करणं सोपं असतं. पण पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि वाशीम किंवा कळंबला हा प्रश्नच नसतो. डिश मोजकीच मिळणार असतील तर ती जिल्ह्याच्या नावावर नको, गावाच्या नकाशावर वाटायला हवीत.

आणि डिश बसवून काम संपत नाही, हे तर आपल्याइतकं कुणाला माहीत? ती चालायला साधारण ७५ ते १०० वॅट वीज सतत लागते. वीज गेली की आकाशातलं नेटही गेलं, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा सोलर हे त्याच खर्चात धरावं लागतं. तिला मोकळं आकाश लागतं, सागाच्या झाडाखाली ती चालत नाही. धो-धो पावसात सिग्नल अडखळतो. बिघडली तर कुणाला फोन करायचा आणि तो कुठून करायचा, हे आधी ठरवावं लागतं. आणि सगळ्यात मोठा धोका तांत्रिक नाही. तुमच्या शाळेतली कॉम्प्युटर लॅब आठवते? कव्हर घातलेले संगणक, बाहेर कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, आणि तपासणी असली की झाडलोट. राउटरचा पासवर्डही त्याच ड्रॉवरमध्ये जाऊन बसला, तर ४३ रुपयांचं गणित एका खोलीतल्या एका माणसापुरतं ८,६०० रुपयांचं होतं.

म्हणून करारात वेगाइतकीच एक साधी अट असावी : शाळा सुटल्यावर, संध्याकाळी आणि सुट्टीत हे नेट गावातल्या मुलामुलींसाठी खुलं राहील. तुमच्यापैकी बरेच जण एनएसएसच्या शिबिरांना अशाच गावांत जाता. खड्डे खणता, झाडं लावता, पथनाट्य करता. यंदा एक दिवस फोन हातात घेऊन गाव फिरा. कुठल्या पाड्यावर कुणाचं नेटवर्क येतं, कुठे काहीच येत नाही, शाळेत वीज किती तास असते, छपरावरून आकाश मोकळं दिसतं का, याची वही करा. अशा चाळीस-पन्नास वह्या जिल्हाधिकारी कार्यालयात पोचल्या, तर पहिली डिश कुठल्या छपरावर बसवायची याचा वाद निदान कागद समोर ठेवून घालता येईल. आणि इरादापत्राचा करार होईल तेव्हा माहितीच्या अधिकारात एक अर्ज, दहा रुपयांचा : प्रति डिश, प्रति महिना, नेमके किती?